हरिश्चंद्राच्या वाट्याची खांड

खांड पडली हरिश्चंद्राच्या वाट्याच्या बांधाला आणि पाणी शिरलं पुंडलिकच्या शेतात. कुणाचा वाटा कुठं संपतो, याच्याशी खाडीला काही देणंघेणं नसतं.

नवघर गावाच्या मागं, खाडीच्या अंगाला, पूर्वी सगळी भाताची खाचरं होती. खारी जमीन. खाडीचं पाणी बाहेर ठेवायला गाळाचा लांबलचक बांध आणि त्या बांधाचे घरटी वाटे पाडलेले. आपापल्या वाट्याची डागडुजी ज्यानं त्यानं करायची. पण खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड झालं, की घरटी एक माणूस द्यायचा. आता खाचरं म्हणण्यासारखी दोनच राहिली होती. एक पुंडलिकचं, दुसरं त्याला लागून त्याच्या चुलतभावाचं, हरिश्चंद्राचं. त्यातलं हरिश्चंद्राचं नुसतं नावाला. तो इंद्रलोक भागातल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून त्यात नांगर शिरला नव्हता आणि तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती.

गेल्या भादव्यातल्या उधाणाला खांड पडली. पोटरीत आलेलं भात खारं पाणी पिऊन पिवळं पडलं आणि बसलं. हिवाळ्यातच बांध घालायचा, पण पुंडलिकचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं जड उचलायला बंदी केली. वैशाख लागला तशी त्यानं बंदी उठवली. डॉक्टरनं नव्हे, पुंडलिकनं.

"पावसाच्या आधी खांड बांधली तं पावसाचा गोडा पानी शेतान ऱ्हाल, खार धुवून निंगल," तो बायकोला, पुष्पलताला, म्हणाला. "न्हायतं गेला शेत. कोपऱ्यान तिवराची रोपा लागल्यान, बगलीस का?"

बगली होती. बोटभर उंचीची, जाड चकचकीत पानांची रोपं. एकदा तिवरानं मूळ धरलं की ते खाचर पुन्हा नांगराखाली येत नाही. कापायला जावं तर केस होते. पुष्पलताला हे सगळं ठाऊक होतं. तिला एवढंच विचारायचं होतं, की पासष्टीच्या पुढचा एक माणूस, त्याचं पोट शिवलेलं, आणि गुडघ्यांनी नाही म्हटलेली त्याची बायको, या दोघांनी बैलगाडी जाईल एवढी खांड बुजवायची कशी. पण नवऱ्याला तिनं विचारलं नाही. त्याला विचारून आजवर कुठलं काम टळलेलं नव्हतं.

"सांगा तं लोकांना," ती म्हणाली.

"सांगाचा न्हाय. ढेप ठेवाची."

ही गावाची जुनी रीत. ज्याला माणसं हवी त्यानं खांडीतला ओला गाळ कापून त्याची ढेप प्रत्येकाच्या उंबऱ्यावर ठेवायची. हाक मारायची नाही, तोंड उघडायचं नाही, ठेवून मागं फिरायचं. तोंडानं मागितलं की समोरचा तोंडानंच नाही म्हणू शकतो. ढेपेला नाही म्हणता येत नाही. पूर्वी सकाळी दारात ढेप दिसली की बाई चुलीवरचं कालवण उतरवून आधी नवऱ्याच्या भाकरी बांधायची. शेवटची ढेप सुयोग शाळेत असताना फिरली होती आणि सुयोगचे आता कानाजवळचे केस पिकले होते.

सुयोग म्हणजे त्यांचा मुलगा. मिरा रोडला नया नगरजवळ कुरिअरच्या गोडाऊनमध्ये होता.

"बाबा, व्हॉट्सॲपवर टाका ना ग्रुपवर," तो शर्टाची बटणं लावत म्हणाला. "आजकाल कोण ढेप-बिप ओळखतंय? मी टाकतो."

"तू कामाला जा."

पुंडलिकनं ढेपा कापल्या, पुष्पलतानं पाटीत घेतल्या आणि दोघं गावात फिरली. पण ढेप ठेवायला उंबरा लागतो. निम्म्या घरांच्या जागी बिल्डिंगा उभ्या होत्या आणि त्यांच्या खाली दुकानांची शटर. नाथाच्या घराच्या ओटीवर सलून निघालं होतं. नाथा मागच्या खोलीत राहायचा. पुंडलिकनं ढेप सलूनच्या पायरीवर ठेवली, तोच आतून पोरगा झाडू घेऊन आला.

"चाचा, ये क्या डाल रहे हो? अभी पोछा मारा है."

पुंडलिक रीत पाळून गप्प. पुष्पलतालाच बोलावं लागलं, "रहने दो भैया, नाथा का है." पोरानं ढेप झाडूनं कडेला सारली आणि वर दोनदा झाडू आपटला.

हरिश्चंद्राकडे जायला रिक्षा केली. त्याच्या वाट्याचा बांध म्हणजे त्याची ढेप सगळ्यांत महत्त्वाची. ज्याचा वाटा त्याला कळल्याशिवाय त्याच्या बांधाला हात लावायचा नाही, हेही रीतीतच बसतं. ढेप पिशवीत घातली होती आणि पिशवीच्या कोपऱ्यातून काळं पाणी ठिबकत होतं. गेटवर वॉचमननं अडवलं.

"थैली में क्या है?"

"मिट्टी."

"गमले का? किसके यहाँ?"

पुंडलिक जरा थांबला आणि म्हणाला, "हां. गमला. चौदा माला, हरिश्चंद्र." जन्मात खोटं न बोललेला माणूस कुंडीचं निमित्त सांगताना पाहून पुष्पलताला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. वॉचमननं वर फोन लावला, कुणी उचलला नाही. "जाओ, दरवाजे पे रख के आ जाओ. लिफ्ट में टपकाना मत."

लिफ्टमध्ये पुंडलिकनं पिशवीखाली स्वतःची टोपी धरली. वर फरशी इतकी चकचकीत, की पुष्पलतानं चपला हातात घेतल्या. दाराला तोरण, शेजारी चपलांचं कपाट. पुंडलिकनं ढेप दाराच्या मधोमध ठेवली, दोन बोटांनी कडा नीट केली आणि मागं फिरला.

"बेल तरी वाजवा," पुष्पलता म्हणाली.

"वाजवाची न्हाय."

"आवो, हिकरं कोनला कलंल? त्याची पोर सान्वी तं इंग्रजी शालंत शिकलेली. कचरा समजल."

"हरिश्चंद्राला कलंल. त्याच्या बापासनी माझ्या बापाबरबर आख्खा बांध घातलाय."

तो लिफ्टची वाट बघत राहिला. पुष्पलता जिन्याच्या खिडकीशी गेली. वरून सगळं एका नजरेत येत होतं. खाडी, तिच्या काठची तिवरं, जेसल पार्ककडच्या बिल्डिंगा, आणि मधे त्यांचं खाचर. करड्या रंगाचा एक तुकडा. त्याच्या खांडीकडच्या कोपऱ्यातून हिरवं आत सरकत होतं. बांधावर उभं राहून ते चार रोपांएवढं दिसायचं. इथून दिसत होतं की पाव शेत त्याखाली गेलंय. हरिश्चंद्र रोज सकाळी चहा पिताना हे बघत असणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याचा राग आला. नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नाही. लिफ्ट आली होती.

बांधाचं काम भांगात करायचं असतं. अष्टमीच्या आगेमागे भरतीला जोर नसतो, ते दिवस. पण भांगात ओहोटी नेमकी भर दुपारी येते, म्हणून काम उन्हाच्या तोंडी. पुंडलिक अकराच्या सुमारास खाडीत उतरला. फावड्यानं गाळाची ढेप कापायची, पुष्पलतानं ती घमेल्यात घेऊन खांडीपर्यंत न्यायची, ओतायची, वर पायांनी तुडवायची. गाळ मांडीपर्यंत. एक पाय काढावा तर दुसरा आत. मधे घालायला पेंढा लागतो, पण पेंढा येणार कुठून, भातच नव्हतं. सुयोगनं गोडाऊनमधून फाटकी पोती आणली होती. तीच खांडीत ठोकलेल्या लाकडी मेखांच्या मधे कोंबली.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. पुंडलिक मधूनमधून कंबर सरळ करण्याच्या निमित्तानं गावाकडच्या वाटेला बघायचा. दुसऱ्या दिवशी नाथा आला. छत्री घेऊन, गुडघ्याला पट्टा बांधून, तो बांधावर बसला.

"ढेप मिलली मना," तो म्हणाला. "त्या सलूनवाल्यानी कुंडीन टाकलेली, मी वलखली. पुंडलिक, माझ्या घरातना बसलेला मानूस धर."

आणि बसून त्यानं दिवसभर सूचना केल्या. मेख तिरपी ठोक, पोतं आडवं घाल, वहिनी पाय जोरानं मार. पुष्पलताला एकदा वाटलं, ओलं घमेलं त्याच्या छत्रीवर पालथं करावं. पण तो आला होता. बाकीचे त्याहून धडधाकट होते आणि आले नव्हते.

"हितना भाइंदरपरयंत सगला पांढरा दिसायचा," नाथा छत्रीतून बोट दाखवत म्हणाला. "मिठाच्या राशी. डोले दिपायचे. आथा बग, सगल्या काचा."

"तवा पन डोले दिपायचे, आथा पन दिपतात," पुष्पलता म्हणाली. "माजी कंबर तवा पन दुखायची."

खरं होतं ते. ती लग्न होऊन आली तेव्हा मागच्या दारातून नजर थेट खाडीपर्यंत जायची. श्रावणात सगळं हिरवं, दिवाळीला पिवळं, उन्हाळ्यात भेगाळलेलं. पुढं एकेक खाचर भरावाखाली गेलं, डांबर आलं, बिल्डिंगा आल्या. मागच्या दारासमोर आता भिंत होती. पण त्या हिरव्या-पिवळ्याच्या आठवणीनं लोक हळवे होतात तशी ती होत नसे. त्या हिरव्यात दिवसभर वाकलेली ती होती. तिला वाईट वाटायचं ते नवऱ्याचं. त्याला बांधावर उभं राहिल्यावर जे बरं वाटायचं, ते त्याला दुसरीकडे कुठंच वाटत नसे.

तिसऱ्या दिवशी पुंडलिकला खाडीतून वर येता येईना. पुष्पलतानं हात दिला, तो धरून तो गाळात तसाच उभा राहिला. दुसरा हात पोटावर.

"टाका दुखतोय?"

"न्हाय."

"मंग?"

"दम लागला जरासा." त्यानं पुन्हा वाटेकडे पाहिलं. "हरिश्चंद्र कामावना सुटला नसल."

त्या संध्याकाळी ती सुयोगवर ओरडली. जे नवऱ्याला बोलायचं होतं ते सगळं त्याला बोलली. सुयोग ऐकून घेत जेवला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून हाफपॅंटवर बांधावर आला. त्याला ढेप कापता येत नव्हती, त्याचं फावडं रुतून बसायचं, पण त्याच्या पाठीत जोर होता. दुपार कलायच्या आत शेवटचं तोंड उरलं, हातभर रुंद. ते एका दमात बुजवावं लागतं, नाहीतर परतणारं पाणी सगळं उचकटून नेतं. तिघंही बोलायची थांबली. ढेप, घमेलं, पाय. ढेप, घमेलं, पाय. खाडीचं पाणी चढत आलं, बांधाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

पुंडलिक बांधावर उताणा पडला आणि हसला. पुष्पलतानं त्याला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. कशाचं ते तिनं शोधलं नाही. पदर गाळानं भरलेला, पुसायचं कशानं हाच प्रश्न होता.

दोन दिवस बांध टिकला. तिसऱ्या दिवशी दोघं ओल्या गाळानं त्याच्या फटी लिंपत होती. तेव्हा वाटेनं माणसं येताना दिसली. पुढं हरिश्चंद्र.

"आला बग," पुंडलिक उठला. हात धोतराला पुसले.

हरिश्चंद्राच्या मागं कुठल्याशा सरकारी खात्याचा एक तरुण साहेब होता आणि सान्वी, हरिश्चंद्राची कॉलेजात जाणारी मुलगी, टोपी आणि गॉगल घातलेली. साहेबानं नमस्कार केला. चांगल्या घरचा वाटला.

"काका, हा बांध तुम्ही घातला?"

"व्हय. खांड बांधली."

"तक्रार आहे. तिवरांचं भरतीचं पाणी अडवलंय म्हणून. व्हिडिओ आलाय." त्यानं फोन पुढं केला. खूप उंचावरून काढलेला. हिरव्याच्या कडेला दोन काळे ठिपके वाकत होते, उठत होते. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आणि मागून एका मुलीचा कळवळलेला आवाज, की बघा, दिवसाढवळ्या खारफुटी मारतायत.

आवाज पुष्पलतानं ओळखला. सान्वीनं गॉगल काढला होता आणि तिचा चेहरा उतरला होता.

"काकू... मला खरंच नाही कळलं की तुम्ही आहात," ती म्हणाली. "वरून माणसं ओळखू येत नाहीत. मला वाटलं बिल्डरची माणसं आहेत."

"शेत हाय आमचा," पुंडलिक साहेबाला म्हणाला. "भाताचा."

साहेबानं आजूबाजूला पाहिलं. त्याच्या जागी कुणीही तेच पाहिलं असतं. डावीकडे डोक्यावर गेलेली तिवरं, समोर खाडी, उजवीकडे करडा चिखल आणि त्यात पसरलेली तिवराची रोपं. भाताचं काहीच नव्हतं.

"कागदावर असेल काका. पण आता इथं तिवर आहे ना. तिवर आहे तिथं पाणी अडवता येत नाही. हा बांध कुणाच्या हद्दीत येतो?"

पुंडलिकनं हरिश्चंद्राकडे पाहिलं. फार काही मागितलं नव्हतं त्यानं. वाटा माझा आहे आणि भावानं मला कळवून काम केलं, एवढंच म्हणायचं होतं.

"माझ्या हद्दीत येतो," हरिश्चंद्र पुस्तकी मराठीत म्हणाला. "पण साहेब, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही."

"ढेप ठेवली हुती," पुंडलिक म्हणाला.

"कसली ढेप?"

"तुझ्या दारान. मधोमध."

हरिश्चंद्र गोंधळलेला दिसला. सोंग नव्हतं ते. सान्वीनंच हळू आवाजात सांगितलं, "पप्पा, ती माती... आपण वॉचमनला ओरडलो होतो ना. मम्मीनं सोसायटीत कंप्लेंट पण टाकली."

हरिश्चंद्राला तेव्हा समजलं. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि मान खाली गेली. "दादा," तो म्हणाला, पहिल्यांदाच घरच्या आवाजात, "बेल तरी वाजवाची व्हती रं."

पुंडलिक बोटांवरचा वाळलेला गाळ नखानं काढायला लागला. पुष्पलता त्या क्षणी दोघांवरही सारखीच चिडली होती, न बोलणाऱ्यावर आणि न ओळखणाऱ्यावर.

साहेब समजूतदारपणे म्हणाला, "हे बघा, मला कुणावर केस करायची नाही. बांध काढून जागा पूर्ववत करा. पाणी आत सुरू झालं की मी फोटो काढतो आणि तक्रार बंद. मजूर आणतो म्हणालात तरी चालेल, पण आजच्या आज."

"मजूर कनाला?" पुंडलिक म्हणाला. "आमीच घातलाय."

त्यानं फावडं उचललं, बांधाच्या मध्यावर गेला, पाय रोवला, फावडं वर नेलं. ते वरच राहिलं. मग सावकाश खाली आलं आणि तो त्याच्या दांड्यावर टेकून खाली बसला. पुष्पलता जवळ गेली.

"पोटान दुखतंय?"

"न्हाय," तो म्हणाला. "तू कर. माझ्यानं व्हनार न्हाय."

तिनं फावडं घेतलं. सगळे बघत होते. घालताना ज्या ढेपा तिनं तुडवून तुडवून बसवल्या होत्या त्या निघता निघेनात, इतकं काम चांगलं झालेलं. सान्वी बूट काढून गाळात उतरली, दोन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतली आणि हातानंच ढेपा ओढायला लागली. ती रडत होती. पुष्पलतानं तिला थांबवलं नाही. नको पोरी, असंही म्हटलं नाही.

पोती वर आली, मेखा हलल्या आणि उधाणाकडे झुकलेल्या भरतीचं पाणी बारीक धारेनं आत शिरलं. मग धार रुंदावली. पुष्पलता बाजूला झाली. तिच्या दंडातून, पाठीतून, मांड्यांतून काहीतरी सैल सुटत गेलं. उद्या इथं यायचं नाही. परवा नाही. रोपं नाहीत, लावणी नाही, खुरपणी नाही. तिला बरं वाटलं, इतकं बरं, की नवऱ्याकडे बघायची तिला लाज वाटली.

साहेबानं फोन वर धरला. "काकी, जरा अजून बाजूला व्हा. काका, तुम्हीपण. फोटोत माणसं नकोत, फक्त पाणी दिसू द्या."

पुंडलिक हातावर जोर देऊन उठला आणि बाजूला झाला. साहेबानं फोटो काढला, पाहिला, आणि जाता जाता आदरानं पुष्पलतालाही दाखवला. वर निळं आभाळ, खाली हिरवीगार तिवरं, मधून चमकत जाणारं पाणी. कुणीही भिंतीला लावावा असा.

ते सगळे गेल्यावर पुंडलिकनं विचारलं, "आपला शेत आला का फोटून?"

"आला," पुष्पलता म्हणाली. "पर वलखू यत न्हाय."